उरलेला एक शब्द

झटका ओसरल्यावर बाबांजवळ एकच शब्द उरला, आणि तोही चारचौघांत काढू नये असा. लाळघोटेपणा.

उजवा हात गेला होता, उजवा पाय गेला होता, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. चाळीस वर्षं शब्दकोशाच्या ऑफिसात बसून जमवलेलं भांडार एका सकाळीत रिकामं झालं होतं. पाणी मागायला त्यांच्याकडे शब्द नव्हता, पोटच्या पोरीला हाक मारायला नव्हता. हा एक मात्र असा खणखणीत यायचा, की शेजारच्या खाटेवरचा माणूस दचकून जागा व्हायचा. झटका आला तेव्हा टेबलावर त्यांच्यासमोर याच शब्दाचं कार्ड होतं, एवढाच काय तो खुलासा. आणखी चार दिवस मिळते, तर काम ‘लेक’पर्यंत पोचलं असतं, असं मुलीच्या मनात यायचं आणि तिला उगाच रडू फुटायचं.

मुलीला ते पुरवणी म्हणायचे. थोरल्या मुलानंतर तेरा वर्षांनी झालेली म्हणून. “मूळ ग्रंथात जे राहून गेलं, ते पुरवणीत घालतात,” असं ते पाहुण्यांना सांगायचे, आणि आई लाजून आत जायची. आता आई नव्हती, दादा दूरच्या शहरात होता, आणि घर म्हणजे बाबा आणि पुरवणी एवढंच राहिलं होतं.

पुरवणी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. नाक बसकं असो की फेंदारलेलं, “ही फ्रेम काय खुलून दिसतेय हो तुम्हाला!” हे वाक्य तिच्या तोंडून दिवसातून चाळीस वेळा निघायचं. दुकानातली ही साखर तिने हॉस्पिटलातही आणली. सकाळी सिस्टर यायच्या आणि म्हणायच्या, “आजोबा, आज काय ताजेतवाने दिसताय!”

“लाळघोटेपणा,” बाबा म्हणायचे.

सिस्टरांचा चेहरा पडायचा आणि पुरवणी सारवासारव करायला धावायची. “मनावर घेऊ नका हो सिस्टर. त्यांना काही कळत नाही. नुसतं तोंडातून निघतं. तुमच्यासारख्या प्रेमळ सिस्टर आहेत म्हणून आमचं निभतंय.”

“लाळघोटेपणा,” बाबा पुन्हा म्हणायचे.

हे तीन आठवडे चाललं. बोलणं शिकवायला एक बाई यायच्या, त्यांना सगळं हॉस्पिटल वाचाबाई म्हणायचं. त्या चादरीवर लाल चेंडू, कंगवा आणि चमचा मांडायच्या. “चेंडू कुठाय, आजोबा? दाखवा बरं.” बाबा चेंडूकडे बघायचे, बाईंकडे बघायचे आणि डावा हात मांडीवर तसाच ठेवायचे. ज्याने उभी हयात शब्दांच्या अर्थांवरून मोठमोठ्या विद्वानांशी भांडण्यात घालवली, तो माणूस चेंडू दाखवणार होता थोडाच! “शाब्बास! किती हुशार आमचे आजोबा!” बाई आपल्या पद्धतीप्रमाणे म्हणायच्या, आणि त्यांनाही त्यांचा वाटा मिळायचा. मग पुरवणी त्यांना पॅसेजमध्ये गाठून तेच सांगायची. कळत नाही हो त्यांना. तोंडातून निघतं.

चौथ्या सोमवारी वाचाबाईंनीच तिला पॅसेजमध्ये गाठलं.

“शुक्रवारच्या राऊंडला मोठे डॉक्टर ठरवणार आहेत,” त्या म्हणाल्या. “आमच्या वॉर्डात आठच खाटा आहेत. बोललेलं ज्याला समजतं, त्यालाच आम्ही घेतो. बाकीचे वरच्या मजल्यावर जातात.”

वरचा मजला पुरवणीने एकदा बघितला होता, लिफ्ट चुकून वर गेली तेव्हा. तिथे माणसांना दर दोन तासांनी कुशीवर वळवत होते. सगळं स्वच्छ होतं, चादरी पांढऱ्याशुभ्र होत्या, आणि बोलत कुणीच नव्हतं. वळवणारेही नाहीत. त्या मजल्यावरून कुणी बोलत खाली आल्याचं तिने ऐकलं नव्हतं.

“पण त्यांना समजत नाही, हे कोण म्हणालं?” तिने विचारलं.

वाचाबाईंनी केसपेपर उघडून तिच्यापुढे धरला. ‘बोललेलं समजत नाही, मुलीच्या सांगण्यावरून.’ पुढच्या पानावर पुन्हा तेच. वेगवेगळ्या अक्षरांत, पाच ठिकाणी. त्यातलं एक सिस्टरांचं अक्षर होतं.

पुरवणीने पाचही ठिकाणी बोट ठेवून पाहिलं. तीन आठवडे ती सगळ्यांची मनं राखत होती, आणि प्रत्येक वेळी तिनेच बाबांना एकेक पायरी वर ढकललं होतं. तिने वाचाबाईंचा हातच धरला. “बाई, तुमच्या हाताला केवढा गुण आहे, सगळे सांगतात. तुम्ही नुसता एक शब्द टाकलात तर मोठे डॉक्टर नाही म्हणणार नाहीत...”

“हे बघ,” बाई हात सोडवून घेत म्हणाल्या, “मला गोड बोलून काही होणार नाही. पुरावा आण.”

तिने दादाला फोन केला. तो म्हणाला, “तू उगाच जिवाला घोर लावून घेतेयस. वरचा मजला म्हणजे काही स्मशान नाही.” मग म्हणाला, “जरा बाबांच्या कानाला फोन लाव.” तिने लावला. “बाबा, तुम्ही तर आमचे वाघ आहात!” दादा ओरडला.

“लाळघोटेपणा,” बाबा म्हणाले, आणि त्या क्षणी पुरवणीच्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला. थोड्या वेळापूर्वी सफाईवाली बाई बाबांवर खेकसली होती, “पाय आवरा आजोबा, पुसायचंय.” तेव्हा ते गप्प होते. सिस्टर म्हणाल्या होत्या, “सुई टोचतेय, दुखेल.” तेव्हाही गप्प होते.

मंगळवारी ती त्या शब्दाचं कार्ड बघायला कोशाच्या ऑफिसात गेली. आत टेबलं भिंतीला लावून ठेवली होती, कपाटांची दारं उघडी होती, आणि कपाटं रिकामी होती. प्रुफं तपासणारे काका एकटेच खुर्चीवर बसले होते. घर आवरून झाल्यावर माणूस जसा बसतो, तसे.

“शनिवारी टेम्पो आला,” काका म्हणाले. “कोशमंडळाने ठरवलं. काम बंद. कार्डांच्या पेट्या रद्दीत.”

“सगळ्या?”

“दोनशे बारा होत्या. मी एक टेबलाखाली लपवली. ‘ल’ची.” त्यांनी पायाने ती पुढे सरकवली. “साहेबांना सांगू नका बरं का. जीव जाईल त्यांचा.”

पुरवणी पेटीपाशी खालीच बसली. रोज सकाळी ती बाबांच्या उशाशी बसून म्हणत होती, “ऑफिसात सगळे वाट बघताहेत, तुमच्याशिवाय काम अडलंय.” ऑफिस शेवटच्या घटका मोजतंय, हे बाबांना आजारी पडण्याआधीच माहीत होतं. ते घरी येऊन कितीदा तरी सांगायचे. तरी ती म्हणत होती, आणि ते तिला उत्तर देत होते. रोज. तेच एक.

तिने पेटी उघडून कार्ड शोधलं. बाबांच्या कार्डांचे रकाने तिला पाठ होते. शब्द, अर्थ, उगम, कुणी म्हटलं, कधी म्हटलं. पुस्तकातलं उदाहरण त्यांना चालत नसे. शब्द स्वतःच्या कानाने, जिवंत माणसाच्या तोंडून ऐकला, तरच कार्ड. आणि सगळ्यात खाली त्यांनी स्वतःच्या डोक्याने काढलेला एक रकाना होता, ज्याला सगळं मंडळ हसायचं. ‘म्हणणाऱ्याला काय हवं होतं.’

“मी एकदा म्हटलं, साहेब, तुमचं अक्षर म्हणजे मोती,” काका म्हणाले. “लगेच कार्ड काढलं माझ्यादेखत. काय हवं होतं? उद्याची रजा.”

“हवी होती?”

“हवी होती ना!” काका हसले आणि मग त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

‘लाळघोटेपणा’च्या कार्डावर अर्थ एका ओळीत होता. ‘काही पदरात पडावं म्हणून केलेली, मनात नसलेली स्तुती.’ उगमाच्या रकान्यात अक्षर बारीक झालं होतं. ‘लाळ आणि घोटणे. दुसऱ्याच्या ताटाकडे बघत सुटलेली लाळ गिळणे, असं सांगतात. मला एवढं पुरेसं वाटत नाही. ताटासमोर उभ्या माणसाच्या तोंडात आधी खरं आलेलं असतं, की मला भूक लागलीय. ते तो गिळतो आणि म्हणतो, वा, काय सुंदर ताट! खरं तर गिळलं जातं ते’ आणि पुढे शाईचा एक लांब फराटा, कार्डाच्या कडेपर्यंत. तिथे बाबा खुर्चीतून कलले होते.

पेटी काखेत धरून, कोरी कार्डं मागून घेऊन ती निघाली. काकांनी गठ्ठाच दिला. आता ती कुणाला हवी होती?

बुधवार आणि गुरुवार तिने दुकानातून रजा घेतली आणि खाटेजवळ स्टुलावर बसून राहिली. जो येईल, जे बोलेल, ते कार्डावर. सिस्टर, सकाळी साडेआठ, ‘आज तर गालांवर लाली आलीय!’ बाबा: लाळघोटेपणा. काय हवं होतं: गोळी लवकर गिळली जावी. सिस्टर, नऊ, ‘ताप आहे थोडा.’ बाबा: काही नाही. दादा, फोनवर, ‘तुमच्यासारखा बाप मिळायला भाग्य लागतं.’ बाबा: लाळघोटेपणा. काय हवं होतं: फोन ठेवता यावा. गुरुवारी संध्याकाळी सेहेचाळीस कार्डं झाली होती. दोन ठिकाणी बाबा चुकले होते, बाकी सगळीकडे बरोबर. तिच्या स्वतःच्या वाक्यांची अकरा कार्डं होती, आणि त्यांवरचा खालचा रकाना तिने कोरा सोडला होता. तिथे काय लिहायचं ते तिला सुचलं नाही. तिच्याने लिहवलं नाही म्हणा हवं तर.

शुक्रवारी अकरा वाजता मोठे डॉक्टर आले. मागे चार छोटे डॉक्टर, सिस्टर, वाचाबाई.  पुरवणीने कार्डांचा गठ्ठा पुढे केला आणि सांगायला लागली. दोनदा अडखळली, एकदा वाक्य उलटं सांगितलं. मोठ्या डॉक्टरांनी उभ्याउभ्या सहा-सात कार्डं वाचून काढली.

“मेहनत बरीच घेतलीय,” ते म्हणाले.

“सर, पण तुमच्याइतकं बारकाईने कुणी बघतच नाही,” एक छोटा डॉक्टर म्हणाला. “इतक्या गर्दीत सात कार्डं वाचलीत तुम्ही!”

“लाळघोटेपणा,” खाटेवरून आवाज आला.

सिस्टरांनी तोंडावर रुमाल धरला. छोट्या डॉक्टरचे कान लाल झाले. मोठे डॉक्टरही हसले, आणि पुरवणीला वाटलं, झालं, जिंकलो.

“हे गमतीचं आहे,” डॉक्टर म्हणाले, “पण यांना आवाज कळतोय. गोड आवाज आला की ठरलेला शब्द बाहेर पडतो. आवाज ओळखणं वेगळं आणि अर्थ समजणं वेगळं. लाडाचा आवाज कुत्र्यालाही कळतो.” तिचा चेहरा बघून ते लगेच म्हणाले, “माफ करा. तसं म्हणायचं नव्हतं मला.” पण त्यांनी खिशातून पेन काढलं होतं.

 वाचाबाई पुढे झाल्या. “सर, दोन मिनिटं. आवाज गोडच ठेवून खरं बोलू या. त्यांना आवडणार नाही असं, पण खरं. तेव्हा काय करतात बघू.” त्यांनी पुरवणीकडे बघितलं. “आहे असं काही?”

होतं. तेच तर एक होतं.

तिने स्टूल पुढे ओढलं. आधी नेहमीचं बोलली, दुकानातल्या आवाजात. “बाबा, ऑफिसात सगळे वाट बघताहेत हं! तुमच्याशिवाय काम अडलंय.”

“लाळघोटेपणा.”

मग त्याच आवाजात, तेच हसू ओठांवर धरून, गिऱ्हाइकाला फ्रेम दाखवावी तसं ती म्हणाली, “बाबा, ऑफिस बंद झालं हं! शनिवारी. कोश आता होणार नाही.”

बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी तिच्याकडे बघितलं. ओढलेलं तोंड हललं नाही. फक्त डावा हात चादरीवरून उचलला गेला आणि अंगठा आणि बोट एकमेकांवर घासायला लागले. पुढे, मागे, पुढे, मागे. चाळीस वर्षं पेटीत कार्डं चाळायचे, तसे. ते विचारत होते. पेट्या कुठायत?

“ही हाताची हालचाल काय आहे?” मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

पुरवणीने ऐकलंच नाही. तिचा दुकानातला आवाज केव्हाच गळून पडला होता. तिला समोर फक्त ती दोन बोटं दिसत होती, आणि ती थांबली पाहिजेत एवढंच कळत होतं. ती रडत, तुटक तुटक म्हणाली, “पेट्या आहेत, बाबा. सगळ्या आहेत. काकांनी नीट ठेवल्यात. एक कार्ड हललेलं नाही.”

बोटं थांबली.

“लाळघोटेपणा,” बाबा म्हणाले. अगदी हळू.

 मग मोठे डॉक्टर खाटेच्या कडेला आले आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाले, “आत्ताचं, पेट्यांचं, ते खोटं होतं?”

तिला मान हलवून भागवता आलं असतं. पण बाबा बघत होते. त्यांच्यासमोर, त्यांना ऐकू जाईल असं बोलावं लागणार होतं, कारण बोललेलं त्यांना सगळं समजत होतं. तीन आठवडे समजत होतं.

“हो,” ती म्हणाली. “दोनशे बारा पेट्या. रद्दीत गेल्या. एक राहिलीय, ‘ल’ची. माझ्याकडे आहे.”

बाबांनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानाकडे ओघळलं, आणि ते पुसायला उजवा हात उठला नाही म्हणून त्यांनी डावा आणला. पुरवणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोठे डॉक्टर केसपेपरवर लिहीत होते. पाच ठिकाणचं जुनं खोडलं, आणि मोठ्या अक्षरात एकच ओळ लिहिली. बोललेलं समजतं. वाचाबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, सिस्टर म्हणाल्या, “अगं, खाट मिळाली तुला!” आणि तिला काहीच वाटेना.

दुपारी बाबांना वाचाबाईंच्या वॉर्डात हलवलं. सहा नंबरची खाट, खिडकीशी. नव्या सिस्टर आल्या, म्हणाल्या, “वा, आजोबा, काय छान जागा पटकावलीत!” बाबा गप्प. तिने दादाला फोन लावून दिला, त्याने नेहमीसारखं वाघ-बिघ केलं. बाबा गप्प. 

वाचाबाई येऊन बघून गेल्या. “तो शब्द तरी टिकायला हवा गं,” त्या बाहेर येऊन म्हणाल्या. “शिकवायचं ते त्याला धरूनच. काहीच येत नसेल, तर सुरुवात कुठून करायची?”

म्हणजे आता हाही गेला होता. तिनेच घालवला होता. ती परत जाऊन स्टुलावर बसली आणि सुटलीच. बाबा, तुमच्यासारखा कोशकार झाला नाही. बाबा, तुमचं अक्षर म्हणजे मोती. बाबा, तुम्ही आज किती तरुण दिसताय! शेजारच्या खाटांवरची माणसं बघायला लागली. बाबांनी भिंतीकडे तोंड केलेलं, ते तसंच होतं. ती बोलत राहिली, घसा बसेपर्यंत, आणि मग तिच्याजवळचं सगळं गोड संपलं.

बराच वेळ गेला. जेवणाची गाडी येऊन गेली. बाबांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं, तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे, तीन आठवडे न विंचरल्यासारख्या केसांकडे. त्यांची डावी भुवई किंचित वर गेली. तिला ती भुवई लहानपणापासून माहीत होती. काय झालं गं, असं ती विचारायची.

“काही नाही, बाबा,” पुरवणी म्हणाली. “मी मजेत आहे. माझी काळजी करू नका तुम्ही.”

ते तिच्याकडे बघत राहिले. ओठांची चांगली बाजू हलली.

“लाळघोटेपणा,” बाबा म्हणाले, आणि डावा हात चादरीवरून तिच्याकडे सरकवला.

तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि मग मनसोक्त रडली, लोक बघताहेत याची फिकीर न करता. रडून झाल्यावर तिने एक हात सोडवला, पर्समधून कोरं कार्ड काढलं, मांडीवर ठेवलं आणि लिहायला घेतलं. कुणी म्हटलं: पुरवणी. कधी: शुक्रवार, संध्याकाळ. काय म्हटलं: मी मजेत आहे. खालच्या रकान्याशी आल्यावर ती थांबली नाही. म्हणणाऱ्याला काय हवं होतं, याच्यापुढे तिने लिहिलं, बाबा.